‘दोनच रुपये तर आहेत’ : वाटाघाटींचा हिशोब आणि भाषा

पुठ्ठ्याची खोकी बनवणारा एखादा छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. चाकण किंवा भोसरीसारख्या औद्योगिक पट्ट्यातला. एक मोठी कंपनी त्याच्याकडून महिन्याला १०,००० खोकी घेते, ४० रुपये नग, जीएसटी वेगळा. वर्ष संपत आलं की खरेदी विभागातून फोन येतो : ‘यंदा पाच टक्के कमी करा. दोनच रुपये तर आहेत.’

वाटाघाटी करणाऱ्याला बोलता यायला हवं, असं आपण धरून चालतो. या फोनवर मात्र सगळा खेळ बोलण्याच्या आधी होऊन गेलेला असतो. कारखानदाराला आपली पडतर (एका नगामागचा खर्च) पैशापर्यंत माहीत असेल तर तो शांत राहील. नसेल तर कितीही गोड बोलला तरी शेवटी ‘बरं, एक रुपया करू’ म्हणून फोन ठेवेल. त्या एका रुपयाचं काय झालं, हे त्याला वर्षअखेरीलाही कळणार नाही.

हिशोब मांडून बघू. आकडे उदाहरणादाखल आहेत, पण धंद्यात बसणारे आहेत. एका खोक्याला कागद २६ रुपये, मजुरी ४, खळ-शाई-तार-वीज मिळून २, वाहतूक २, आणि जागेचं भाडं, मशीनचा हप्ता, ऑफिस यांचा वाटा २. एकूण ३६. म्हणजे ४० वर ४ रुपये सुटतात. दोन रुपये सोडले तर भाव पाच टक्क्यांनी उतरतो आणि नफा पन्नास टक्क्यांनी. ‘दोनच’ हा शब्द भावाकडे बघून वापरलेला असतो, तुमच्या गल्ल्याकडे बघून नव्हे.

यात अजून उधारी धरलेली नाही. कंपनी ९० दिवसांनी पैसे देत असेल आणि तुम्ही बँकेच्या कॅश क्रेडिटवर (खेळत्या भांडवलाच्या कर्जावर) १२ टक्के व्याज भरत असाल, तर ४० रुपयांवर ९० दिवसांचं व्याज होतं १ रुपया १८ पैसे. म्हणजे खरा नफा ४ नाहीच, २.८२ आहे. आता दोन रुपये कमी करा : भाव ३८, खर्च ३६, व्याज १.१२. हातात उरले ८८ पैसे. दहा हजार खोक्यांवर महिन्याचा नफा २८,२०० वरून ८,८०० वर आला. हे आकडे समोर असताना ‘नाही’ म्हणायला धाडस लागत नाही. ते आपसूक तोंडातून बाहेर पडतं.

बोलायला बसण्याआधीचे तीन आकडे

कागदावर तीन आकडे लिहून ठेवा. मनात नको, कागदावरच. समोरच्याने दडपण आणलं की मनातला आकडा सरकतो.

पहिला आकडा, काय मिळालं तर समाधान होईल. दुसरा, कुठल्या आकड्याखाली उठून जायचं. आणि तिसरा, जो बहुतेक जण काढतच नाहीत : समोरच्याचा उठून जाण्याचा आकडा किती असेल. तुमचा तळ आणि त्याची कमाल यांच्यात जी जागा असते तिथेच सौदा होतो. जागाच नसेल तर कितीही तास बसा, होणार नाही. अशा वेळी पहिल्या दहा मिनिटांत उठलेलं बरं.

दुसरा आकडा ‘मला किती हवंय’ यावरून काढायचा नसतो. हा सौदा मोडला तर आपण काय करणार, यावरून तो निघतो. वाटाघाटींच्या अभ्यासात याला ‘बॅटना’ म्हणतात. आपल्या भाषेत, हातातला दुसरा रस्ता. कंपनीने काम काढून घेतलं तर तीच मशीन दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी ३९ रुपयांनी चालणार असेल, तर तुमचा तळ ३९ च्या आसपास आहे. दुसरं गिऱ्हाईकच नसेल तर तळ खाली सरकतो. जागेचं भाडं आणि हप्ता मशीन बंद असली तरी द्यावाच लागतो, त्यामुळे उधारीचं व्याज सोडून, निव्वळ आकड्यात बघितलं तर तो ३४ पर्यंतही जाईल.

इथे धोका आहे. मंदीत ‘मशीन रिकामी राहण्यापेक्षा बरं’ म्हणून ३४-३५ ला दिलेला माल पुढच्या वर्षी ‘तुमचाच भाव’ म्हणून समोर ठेवला जातो. द्यायचाच असेल तर ठरावीक नगांसाठी, तारीख घालून आणि ‘फक्त या लॉटपुरता’ असं लिहून द्या. तोंडी दिलेली सवलत खरेदी विभागाच्या फाइलमध्ये कायमची जाऊन बसते.

दुसरा रस्ता बैठकीच्या आदल्या दिवशी तयार होत नाही. एका गिऱ्हाइकाकडे साठ-सत्तर टक्के माल जात असेल तर तुमच्याकडे वाटाघाटीची ताकद नाही, आहे ती विनंती. महिन्याला हजार-दीड हजार खोकी घेणारी तीन-चार छोटी गिऱ्हाइकं जोडायला सहा महिने जातात. ती त्रासदायक असतात, लहान लॉट मागतात, फोन फार करतात. पण मोठ्याशी बोलताना तुमचा आवाज जो बदलतो तो त्यांच्यामुळे. वाटाघाटी सुधारण्याचा हा सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात खात्रीचा उपाय आहे.

पहिला आकडा कोणी बोलायचा?

‘आधी आकडा बोलला तो हरला’ असं बाजारात सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मानवी मनाला पहिल्या ऐकलेल्या आकड्याला लटकायची सवय असते. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग यासाठी नेहमी सांगितला जातो. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. काहींसमोर ते १० वर थांबलं, काहींसमोर ६५ वर. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या सदस्यांत आफ्रिकी देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ टक्के निघाला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नव्हता.

तेव्हा नियम असा धरा : बाजारभाव तुम्हाला नीट ठाऊक असेल तर आकडा तुम्हीच आधी टाका, थोडा वरचा, पण कारण देता येईल असा. ठाऊक नसेल तर गप्प बसा, त्यांना बोलू द्या आणि त्यातून शिका. जुनं फर्निचर विकताना, पहिल्यांदाच एखाद्या कामाचं कोटेशन देताना, अनोळखी शहरात घर घेताना आपण दुसऱ्या गटात असतो.

आकडा गोल नको. ‘चाळीस’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, हा अंदाजे बोलतोय, ओढला तर येईल. ‘एकोणचाळीस पंच्याऐंशी’ म्हटलं की मागे हिशोब आहे असं दिसतं. फक्त तो खरंच असावा, कारण पुढचा प्रश्न ‘कसं काय?’ असाच येणार.

समोरून अवाच्या सव्वा आकडा आला तर त्यावर लगेच उलटा आकडा टाकू नका. तुम्ही तसं केलंत की त्याचा आकडा वैध ठरतो आणि ‘चला, मध्ये भेटू’ सुरू होतं. मध्य हा दोन टोकांवर ठरतो. तुमचे ४० आणि त्याचे ३४ यांचा मध्य ३७. त्याने ३४ ऐवजी ३६ म्हटलं असतं तर मध्य ३८ आला असता. म्हणजे ‘मध्ये भेटू’ हा न्याय नाही, ज्याने जास्त ताणलं त्याला मिळालेलं बक्षीस आहे. त्यापेक्षा सरळ म्हणा, ‘चौतीसवर बोलता येणार नाही. हा आकडा कशावरून काढलात ते सांगा, मग बघू.’

हा ‘कशावरून’ सगळ्यात उपयोगी शब्द आहे. त्याचं उत्तर तीनपैकी एक निघतं. एक, दुसऱ्या कोणीतरी खरंच कमी भाव दिलाय. मग विचारा : कागद कोणता, किती जीएसएमचा (दर चौरस मीटरमागे किती ग्रॅम), किती प्लाय (थर), भाव पोहोच आहे की कारखान्यातून उचलण्याचा, पेमेंट किती दिवसांत? ३७ चं कोटेशन बऱ्याचदा वाहतूक आणि उधारी जोडल्यावर ३९.५० चं निघतं. ‘खोटं बोलताय’ असं म्हणायची वेळच येत नाही. दोन, कुठलाही आधार नाही, नुसतं चाचपडणं चाललंय. मग तो प्रश्नानेच ढिला पडतो. तीन, वरून वर्षाला पाच टक्के बचतीचं लक्ष्य आलंय आणि त्याला अहवालात तो आकडा दाखवायचाय. हे कळलं तर तुमचं अर्धं काम झालं.

एकाच दोरीवर ओढाताण नको

घासाघीस आणि वाटाघाटी यांत फरक काय? घासाघिशीत टेबलावर एकच गोष्ट असते, भाव. त्यामुळे तुमचा रुपया म्हणजे माझा तोटा. वाटाघाटीत टेबलावर चार-पाच गोष्टी असतात आणि त्यांची किंमत दोघांना वेगवेगळी असते. जे मला स्वस्तात देता येतं आणि तुला महाग वाटतं, ते मी देणार. उलटही तसंच. भाजीवाल्या मावशींशी घासाघीस चालते. तिथे वाटाघाटी करायला गेलात तर मागची रांग ओरडेल.

खोक्याकडे परत येऊ. भावाशिवाय टेबलावर काय आहे? पेमेंटचे दिवस. एका वेळची ऑर्डर. खोक्याची रचना. कराराची मुदत. कागदाच्या भावातली चढउतार कोणी सोसायची.

समजा, कंपनी दर वेळी २,००० खोकी मागवते आणि प्रत्येक फेरीला गाडीभाडं ४,००० रुपये पडतं. खोक्यामागे २ रुपये. त्याऐवजी ५,००० चा लॉट घेतला, मोठी गाडी ६,००० ला केली, तर खोक्यामागे १.२० पडतात. ८० पैसे वाचले. शिवाय मशीनवर डाय (कापणीचा साचा) आणि छपाईची जुळवणी महिन्यातून पाचदा करायची ती दोनदा होईल. पेमेंट ९० दिवसांऐवजी ३० दिवसांत आलं तर व्याजाचे साधारण ८० पैसे वाचले.

आता प्रस्ताव असा : ‘लॉट पाच हजारांचा करा, पेमेंट तीस दिवसांत करा, तर मी ३८.७५ देतो.’ सव्वा रुपया कमी केला. तुमचा खर्च ३५.२०, व्याज ३८ पैसे. नफा ३.१७. आधी ४० रुपये भावात तो २.८२ होता. भाव सव्वा रुपयाने उतरला आणि नफा ३५ पैशांनी वाढला. कंपनीचे वर्षाला दीड लाख वाचले. पाच टक्क्यांसाठी उरलेले ७५ पैसे हवे असतील तर ते रचनेतून काढायचे : दोन रंगांऐवजी एक रंग, मधल्या थराचा कागद एक पायरी हलका, वजनाला झेपत असेल तर पाच प्लायऐवजी तीन. पण हे करताना खोकी एकावर एक रचून आणि खाली टाकून चाचणी घ्या आणि ती कंपनीच्या गुणवत्ता विभागाकडून मंजूर करून घ्या. नाहीतर गोदामात खालची थप्पी दबली की माल परत येतो आणि वाचलेले ७५ पैसे एका दिवसात जातात.

मोठ्या कंपनीला पाच हजार खोकी ठेवायला जागा नसेल तर? मग लॉटचा मुद्दा गळतो आणि त्याचे ८० पैसेही गळतात. प्रत्येक अटीची किंमत वेगवेगळी काढून ठेवायची ती यासाठीच. एक गळली तर भाव किती वर जाणार, हे जागच्या जागी सांगता आलं पाहिजे.

कागदाच्या भावाची अट विसरू नका. खोक्याच्या किमतीत २६ रुपये कागदाचे आहेत. कागद दहा टक्क्यांनी चढला की २.६० रुपये गेले, म्हणजे जवळजवळ सगळा नफा. ‘कागदाचा भाव पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर खोक्याचा भाव त्या प्रमाणात बदलेल, वर आणि खालीही’ एवढं एक वाक्य करारात असावं. ‘खालीही’ हा शब्द त्यात नसेल तर खरेदीवाला मान्य करणार नाही, आणि त्याचं बरोबर आहे.

कायद्याचा हात, पण हळूच

उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठी २००६ च्या एमएसएमई कायद्यात पेमेंटची मुदत ठरलेली आहे. लेखी करार नसेल तर १५ दिवस, असेल तर करारात काहीही लिहा, जास्तीत जास्त ४५. त्यापुढे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. यासाठी उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) हवी, आणि ती काम घेण्याआधीच करून ठेवलेली बरी. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही, याची नोंद घ्या.

म्हणजे वरचे ९० दिवस मुळात कायद्यात बसत नाहीत. मग नोटीस पाठवायची का? चालू गिऱ्हाइकाला सहसा कोणी पाठवत नाही, कारण पुढची ऑर्डर बंद होते. पण २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरात एक तरतूद आली. अशा लघुउद्योगाचे पैसे मुदतीबाहेर थकले आणि वर्षअखेरीपर्यंत दिलेच नाहीत, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. ही गोष्ट खरेदीवाल्याला नाही, हिशोब विभागाला सांगायची. तीही धमकीच्या सुरात नको : ‘आमची उद्यम नोंदणी आहे, प्रमाणपत्र सोबत जोडलंय, मार्चअखेर तुम्हाला अडचण नको म्हणून आधीच कळवतोय.’ बिलावर उद्यम क्रमांक छापा. फायदा त्यांचा दाखवून आपलं काम करून घ्यायचं.

भाड्याचं घर : सगळे चुकीच्या आकड्यावर भांडतात

घरमालक भाडं २२,००० सांगतो, दरवर्षी दहा टक्के वाढ. भाडेकरू हजार रुपये कमी करायला जिवाचं रान करतो आणि वाढीचा मुद्दा तसाच सोडून देतो. तीन वर्षांचा हिशोब करा. दहा टक्के वाढीने महिन्याचं भाडं २२,०००, मग २४,२००, मग २६,६२०. तीन वर्षांत ८,७३,८४० रुपये. सुरुवातीला हजार कमी करून घेतले (२१,०००) आणि वाढ दहाच टक्के ठेवली, तर ८,३४,१२०. भाडं २२,००० च ठेवलं आणि वाढ पाच टक्के करून घेतली, तर ८,३२,२६०.

वाढ कमी करून घेणं जवळपास दोन हजारांनी सरस आहे, आणि मालकाला ते सोपंही जातं. त्याच्या डोक्यात ‘माझं घर बावीसला जातं’ हा मान असतो, शेजाऱ्यांना सांगायचा आकडाही तोच. तीन वर्षांनंतरचा आकडा त्याने अजून मनात धरलेला नसतो. अर्थात हे तीन वर्षं राहणार असाल तरच. वर्षभरात बदली होणार असेल तर पहिल्या भाड्यावरच जोर लावा.

मालकाचा दुसरा रस्ता काय, हेही बघा. घर एक महिना रिकामं राहिलं तर त्याचे २२,००० गेले. बारा महिन्यांत वाटले तर दरमहा १,८३३. त्यामुळे ‘मी एक तारखेपासून येतो, दोन वर्षं राहीन, भाडं पाच तारखेच्या आत खात्यावर’ म्हणणारा भाडेकरू हजार-दीड हजार कमी मागू शकतो आणि मालक तरीही फायद्यात राहतो. महिनाअखेरीला, घर दोन-तीन आठवडे रिकामं असताना, हे वाक्य जास्त चालतं. ‘बजेट नाही हो’ हे वाक्य मात्र कधीच चालत नाही. त्याने मालकाला एवढंच कळतं की हा माणूस पुढे भाडं थकवणार.

अनामत, रंगकाम, लॉक-इन, सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, गीझर बिघडला तर कोण दुरुस्त करणार, हे सगळं टोकन देण्याआधी बोला. टोकन दिलं की तुमची ताकद निम्मी झाली. करार नोंदवण्याबाबत मालक टाळाटाळ करत असेल तर त्याला सांगा की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. लेखी नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालक ते खोटं सिद्ध करेपर्यंत. मालकाच्याच हिताचं आहे म्हटल्यावर सूर बदलतो.

पगार

नऊ लाखांचं पॅकेज म्हणजे महिन्याला पंचाहत्तर हजार नव्हेत. मूळ पगार साडेचार लाख धरा. त्यावर कंपनीचा बारा टक्के पीएफ ५४,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्क्यांनी २१,६४५. दहा टक्के व्हेरिएबल (कामगिरीवर मिळणारा भाग) म्हणजे ९०,०००. हे वजा जाता उरले ७,३४,३५५, महिन्याला ६१,२००. त्यातून तुमचा स्वतःचा पीएफ ४,५०० आणि व्यवसाय कर गेला की साडेछप्पन हजारांच्या आसपास, तेही आयकर न धरता. दोन ऑफर ताडताना पॅकेजचे आकडे बाजूला ठेवा आणि ही ओळ काढा.

मागायची योग्य वेळ एकच : ऑफर आल्यानंतर, होकार देण्याआधी. त्याआधी त्यांना तुम्ही हवे आहात की नाही तेच ठरलेलं नसतं. त्यानंतर तुम्ही आधीच हो म्हटलेलं असतं. जे मागायचं ते एकदाच, एकत्र मागा. आधी पगार वाढवून घेतला, दोन दिवसांनी जॉइनिंगची तारीख, मग घरून काम, असं तुकड्यातुकड्यांनी केलं की एचआरमधली व्यक्ती तुमच्या बाजूने वर भांडायची थांबते. तिला आत जाऊन एकदाच मंजुरी आणायची असते.

मूळ पगाराची पट्टी ठरलेली असेल तर तिथे डोकं आपटू नका. विचारा : व्हेरिएबल गेल्या वर्षी प्रत्यक्षात किती टक्के मिळालं? जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांत सोडल्यास परत करावा लागतो? पहिला पगार-आढावा कधी, एप्रिलमध्ये की पुढच्या एप्रिलमध्ये? ऑक्टोबरमध्ये रुजू होणाऱ्याला बऱ्याच ठिकाणी लगेच येणाऱ्या एप्रिलची वाढ मिळत नाही, त्याचे अठरा महिने एकाच पगारावर जातात. आणि नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे का? तो ६० वर आणता आला तर पुढच्या नोकरीच्या वेळी त्याची किंमत कळेल.

टेबलावर काय बिघडतं

एकदा बसलात की चुका ठरलेल्या असतात. पहिली, फुकट सोडणं. समोरच्याने नुसतं तोंड वाकडं केलं आणि आपण ‘बरं, पन्नास पैसे कमी’ म्हणालो. सोडायचं तर बदल्यात काही मागा, आणि वाक्यात अट आधी ठेवा : ‘तुम्ही तीस दिवसांत पेमेंट केलंत तर मी…’ उलट क्रमाने बोललात तर तो पहिला भाग खिशात घालतो आणि दुसऱ्यावर चर्चा सुरू करतो.

दुसरी, समान पायऱ्या. ४२, ४१, ४०, ३९ असे उतरलात तर ऐकणाऱ्याला दिसतं की ३८ पण आहे. ४२, ४०.५०, ४०, ३९.८५ असे उतरलात तर विहिरीचा तळ दिसू लागतो.

तिसरी, शांतता न सोसणं. आकडा बोललात की थांबा. पाच-सात सेकंदं फार मोठी वाटतात आणि तेवढ्यात आपणच ‘म्हणजे थोडंफार इकडेतिकडे होईल’ असं जोडून बसतो. आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे राग आला असं समजतात, म्हणून हे अवघड जातं. वहीत काहीतरी लिहा, चहाचा घोट घ्या.

चौथी, ज्याला अधिकारच नाही त्याच्याशी सगळं ठरवणं. तासभर बोलून झाल्यावर ‘साहेबांना विचारून सांगतो’ आलं की तुम्ही सोडलेलं सगळं तळ बनतं आणि साहेब तिथून पुढे ओढायला सुरुवात करतात. सुरुवातीलाच विचारा, ‘यावर शेवटची सही कोणाची?’ सही दुसऱ्याची असेल तर हातातल्या एक-दोन सवलती राखून ठेवा. तुम्हीही ‘भागीदाराशी बोलून उद्या सकाळी कळवतो’ म्हणू शकता. जागेवर उत्तर द्यायची सक्ती कुठेच नसते.

पाचवी, शेवटच्या क्षणाचं कुरतडणं. हात मिळवताना हळूच येतं, ‘माल उतरवून देणं तुमच्याकडेच ना?’ तोपर्यंत आपण थकलेले असतो, सौदा झाल्याच्या आनंदात असतो. उत्तर हसून द्या : ‘होईल की, मग भाव तेवढा वर धरा.’ बहुतेकदा तो विषय तिथेच संपतो.

आणि माहिती सांडणं. ‘या महिन्याचा हप्ता भरायचाय हो’, ‘मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी गाडी विकतोय’ अशी वाक्यं आपण सहानुभूती मिळेल म्हणून बोलतो. समोरच्याला त्यातून तुमची तारीख कळते. काही फळबाजारांत आणि गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवण्याची ‘हत्ता’ पद्धत होती, काही ठिकाणी ती अजूनही दिसते. दलाल आणि खरेदीदार यांच्यात किती बोललं गेलं, हे शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही कळत नसे. जाहीर लिलावाचा आग्रह त्यातूनच आला. ज्याच्याकडे माहिती, त्याच्याकडे भाव.

घरच्या वाटाघाटी वेगळ्या. तिथे दुसऱ्या दिवशी त्याच माणसाबरोबर जेवायचं असतं, त्यामुळे तळ, दुसरा रस्ता असली भाषा काढू नका. पण वाटण्यांच्या वेळी एक जुनी रीत अजून उपयोगी पडते : एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. वाटे करणारा मग आपोआप सरळ वागतो. भांडी, दागिने, शेताचे तुकडे, सगळ्यांना चालते.

ठरलं ते त्याच संध्याकाळी लिहून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅप चालेल, ईमेल बरा : भाव, लॉट, पेमेंटचे दिवस, कागदाची अट, मुदत, पाच ओळी. मग पीओ (कंपनीची लेखी खरेदी ऑर्डर) येईल. त्यावर बऱ्याचदा छापील अटी जुन्याच असतात, ‘पेमेंट : ९० दिवस’. हे कपटाने केलेलं नसतं, संगणकात जुना नमुना असतो. पण त्या पीओवर पहिली गाडी भरलीत की तुम्ही तो मान्य केलात असंच धरलं जाईल. गाडी थांबवा, पीओ दुरुस्त करून मागवा. एका दिवसाचा उशीर लागतो.

सौदा नाहीच जमला तर? दार आपटू नका, ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणू नका. ‘या भावात मला पडत नाही. कागद उतरला की मीच फोन करीन.’ आणि कागद उतरला की खरंच फोन करा.